ऑलिव्ह रिडले कासव आणि व्हेल शार्क : संवर्धनस्थितीची तुलना कशी करावी

दोन अगदी भिन्न सागरी जीवांची तुलना करताना कायद्याची अनुसूची आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी यांची गल्लत होऊ देऊ नये. ऑलिव्ह रिडले कासव आणि व्हेल शार्क हे दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पण लाल यादीत कासव ‘असुरक्षित’, तर व्हेल शार्क त्याहून एक पायरी गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आहे. अनुसूचीवरून कायद्याने दिलेले संरक्षण कळते. जीव किती धोक्यात आहे, हे लाल यादीवरून कळते.

श्रेणी पाहिल्यावर तिथेच थांबू नये. ती कोणत्या साली, किती काळातील घट धरून आणि नेमके काय मोजून ठरवली, हे अवश्य वाचावे, कारण खरी तुलना इथेच होते. कासवाचे मूल्यांकन २००८ चे, तर शार्कचे २०१६ चे आहे. घट तीन पिढ्यांची धरतात. व्हेल शार्क फार उशिरा वयात येत असल्याने त्याच्या बाबतीत हा काळ तब्बल ७५ वर्षांचा होतो, आणि तेवढ्या काळात जगभरातील त्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचा अंदाज आहे. कासवांच्या बाबतीत वाळूवर अंडी घालायला येणाऱ्या माद्या किंवा त्यांची घरटी मोजतात. नर आणि पिल्ले समुद्रातच राहत असल्याने या मोजणीत येतच नाहीत. व्हेल शार्क किनाऱ्यावर येत नाही, म्हणून त्याच्या कल्ल्यांमागील पांढऱ्या ठिपक्यांच्या रचनेची छायाचित्रे जुळवून एकेक मासा ओळखावा लागतो. त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी मांडून थेट वजाबाकी करणे मला चुकीचे वाटते.

त्यानंतर धोके तपासावेत. गुजरातमधील वेरावळच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी व्हेल शार्कची शिकार होत असे. ते तेल लाकडी होड्यांना चोपडत. २००१ मध्ये या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. कासवाची अंडी मात्र कोल्हे, कुत्री आणि माणसे पळवतात, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला २००२ पासून घरट्यांची राखण सुरू झाली. शिवाय वाळू जास्त तापली की माद्याच अधिक जन्मतात. जाळ्यात अडकण्याचा धोका दोघांनाही आहे. त्यावर महाराष्ट्रात २०१८ पासून योजना आहे: संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. असे उपाय तुलनेच्या तक्त्यात श्रेणीच्या शेजारीच नोंदवावेत.