इंग्लंडमधल्या कपड्यांच्या दुकानात कामाला येणारं इंग्रजी

दुकानात ‘कॅन आय हेल्प यू?’ असं विचारलं आणि तुम्हाला नुसतं बघायचं असेल, तर ‘आय ॲम जस्ट लुकिंग, थँक्स’ म्हणा. कोरडं ‘नो’ तुटक वाटतं. भाव विचारताना ‘व्हॉट इज द रेट?’ नको, ‘हाउ मच इज धिस?’ बरोबर. ‘डू यू हॅव धिस इन अ मीडियम?’ हे वाक्य तर तोंडपाठच करा. शेवट बदलून ‘इन ब्लॅक?’ केलं की रंगही विचारता येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा पँटचा. तिथे ‘पँट्स’ म्हणजे आतले कपडे, म्हणून ‘ट्राउझर्स’ मागा. घालून बघायचं असेल तर ‘ट्रायल रूम’ऐवजी ‘फिटिंग रूम’ विचारा.

पैसे दिल्यावर ‘बिल’ नाही, ‘रिसीट’ घ्या आणि जपून ठेवा. कपडा बदलायचा असेल तर ‘आय वुड लाइक टू एक्सचेंज धिस’, पैसे परत हवे असतील तर ‘कॅन आय गेट अ रिफंड?’. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधलेला नसतो. सदोष निघाली तर मात्र २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार ३० दिवसांत पूर्ण पैसे मागता येतात, म्हणून अशा वेळी ‘इट्स फॉल्टी’ आधी सांगा.