आजारी क्लॅमची तपासणी आणि शुश्रूषा

रीफ टाकीतील, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील, क्लॅमच्या (दोन शिंपल्यांचे कवच असलेल्या समुद्री जीवाच्या) आजाराची लक्षणे मोजकीच असतात, कारणे मात्र डझनभर निघू शकतात. मॅन्टल, म्हणजे कवचाबाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा, आखडणे, रंग उडणे, कवच अर्धवट मिटलेले राहणे किंवा गरजेपेक्षा जास्त उघडे राहणे, एवढ्याच खुणांमधून तो खारटपणातील फरकापासून परजीवी गोगलगाईपर्यंत सगळ्या तक्रारी सांगत असतो. म्हणून लक्षण दिसताच उपचाराला हात घालण्यापेक्षा एका ठरलेल्या क्रमाने शक्यता वगळत जाणे अधिक उपयोगी पडते. आधी पाणी तपासावे, मग प्रकाश आणि जागा, मग शेजारी, त्यानंतर रात्रीची पाहणी करावी, आणि एवढे करूनही काही हाती लागले नाही तरच क्लॅमला टाकीबाहेर काढून एखादी प्रक्रिया करावी.

निदान करायचे तर निरोगी क्लॅम कसा दिसतो हे डोळ्यांत पक्के बसलेले असले पाहिजे. मॅक्सिमा, क्रोसिया, स्क्वामोसा, डेरासा या ट्रायडॅक्ना वंशातील क्लॅमच्या मॅन्टलमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने प्रकाशावर तयार केलेल्या अन्नावरच क्लॅमचा मोठा निर्वाह चालतो. साहजिकच निरोगी क्लॅम दिवसा मॅन्टल कवचाच्या काठाबाहेर सैल पसरवून बसतो. पाणी आत घेणारे लांबट छिद्र फटीसारखे अरुंद दिसते आणि पाणी बाहेर टाकणारी नळी छोट्या धुराड्यासारखी वर उभी असते. मॅन्टलवर प्रकाश ओळखणारे शेकडो बारीक डोळे असल्यामुळे हाताची सावली पडताच तो चटकन आक्रसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पसरतो. सावली पडूनही हालचाल मंद असेल, किंवा कवच मिटायला ताकदच उरलेली नसेल, तर स्थिती गंभीर समजावी. मात्र वर्षानुवर्षे टाकीत राहून माणसाच्या वावराला सरावलेला क्लॅम सावलीकडे दुर्लक्षही करतो, त्यामुळे हा निकष तुमच्या क्लॅमच्या नेहमीच्या वागण्याशी ताडूनच लावावा. मधूनच जोरात मिटून पाण्याचा झोत बाहेर टाकणे ही त्याची साफसफाई आहे, आजार नव्हे. लहान, वाढत्या क्लॅमच्या कवचाच्या वरच्या काठावर नव्या वाढीची पांढरी स्वच्छ किनार दिसते. ती किनार बरेच आठवडे थांबलेली असेल तर बाकी सारे ठीक दिसत असूनही काहीतरी कमी पडते आहे असे समजावे.

आता लक्षणांविषयी. पाणी आत घेणारे छिद्र ताणून मोठे उघडे पडले आहे आणि आतील कल्ले सहज दिसत आहेत, ही सर्वांत काळजीची खूण. क्लॅम दमला आहे आणि प्रकरण तासांवर आले असू शकते. मॅन्टलचा मधला भाग फिकट होत चालला असेल तर आतले शैवाल नाहीसे होत आहे. पाणी तापणे, नवे दिवे अचानक पूर्ण क्षमतेने लावणे आणि पाण्यात पोषकद्रव्यांचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे. निळा-हिरवा चमकदार रंग क्लॅमच्या स्वतःच्या पेशींमुळे येतो आणि शैवालाचा रंग तपकिरी असतो, त्यामुळे फिकट पडणारा क्लॅम काही दिवस पूर्वीपेक्षा सुंदर दिसू शकतो आणि मालक खूश होतो. या फसवणुकीपासून सावध राहावे. मॅन्टल कवचाबाहेर प्रमाणाबाहेर ताणलेले असेल तर प्रकाश अपुरा पडत असण्याची शक्यता असते. एका बाजूचाच काठ वळलेला असेल तर त्या बाजूला कोणीतरी त्रास देत आहे.

पाण्याची तपासणी क्लॅमला हात न लावता होते, म्हणून ती पहिली. घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम सुमारे १,२५० ते १,३५० पीपीएम या मर्यादा बहुतेक टाक्यांना चालतात, आणि यांतील एखादा आकडा थोडा इकडेतिकडे असण्यापेक्षा तो दररोज वरखाली होणे क्लॅमला अधिक जाचते. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. अल्कलिनिटी घसरली असेल तर दोष क्लॅमचाच असू शकतो, कारण वाढता क्लॅम कवचासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढत असतो आणि या क्षारांचा सहा महिन्यांपूर्वी पुरणारा डोस आज पुरतोच असे नाही. नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास इथे अंगाशी येतो. क्लॅम पाण्यातील अमोनिया आणि नायट्रेट शोषून आपल्या शैवालाला पुरवतो, त्यामुळे चकचकीत, पोषणशून्य पाण्यात तो उपाशी पडतो. अशा टाकीत स्किमरचा, म्हणजे फेसातून पाण्यातील सेंद्रिय घाण काढणाऱ्या यंत्राचा, जोर कमी करणे आणि माशांना थोडे जास्त अन्न देणे हाच उपचार ठरतो. तांब्याचा मात्र अंशही नको. माशांच्या औषधातून तांबे पडलेली टाकी, पाइप किंवा खडक क्लॅमसाठी वापरू नयेत.

जागेच्या बाबतीत प्रजातीनुसार फरक पडतो. क्रोसिया आणि मॅक्सिमा यांना तीव्र प्रकाश व घट्ट धरून बसायला खडक लागतो, तर डेरासा आणि स्क्वामोसा मध्यम प्रकाशातही तग धरतात आणि खाली वाळूवर ठेवता येतात. दिवे बदलले असतील तर तीव्रता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी. पंपाचा झोत थेट मॅन्टलवर आदळत असेल तर तो वळवावा.

शेजाऱ्यांचा छडा लावायला समोर बसून पाहणे पुरत नाही, कारण माणूस समोर असला की मासे सभ्य होतात. फोनचा कॅमेरा तासभर लावून ठेवावा. एंजलफिश आणि बटरफ्लायफिश हे नेहमीचे संशयित, पण एखादा ब्लेनी मासाही मॅन्टलचा काठ टोचत राहतो. जवळ वाढलेला ऐप्टेशिया (टाकीत तणासारखे पसरणारे छोटे समुद्रफूल) किंवा रात्री लांब तंतू सोडणारे प्रवाळ क्लॅमला डंख करतात. ब्रिसल वर्म, म्हणजे अंगावर राठ केस असलेले समुद्री किडे, क्लॅमजवळ दिसले की त्यांच्यावर खापर फुटते, पण ते बहुधा आधीच मरू लागलेल्या मांसाकडे आलेले असतात.

रात्रीची पाहणी बहुतेक जण टाळतात, आणि मीही टाळली होती. माझा दहा सेंटिमीटरचा मॅक्सिमा दररोज सकाळी अर्धा मिटलेला दिसे आणि दुपारपर्यंत पूर्ववत होई. मी पंधरा दिवस पाणी बदलत राहिलो, दिव्यांची उंची बदलली, एकदा जागाही बदलली. शेवटी दिवे मालवल्यानंतर दोन तासांनी लाल प्रकाशाची विजेरी घेऊन बसलो तेव्हा कवचाच्या काठावर तांदळाच्या कणीएवढ्या नऊ पांढऱ्या शंकूच्या आकाराच्या गोगलगाई ओळीने बसलेल्या दिसल्या. या पिरॅमिडेलिड गोगलगाई. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा जीव आपली सोंड मॅन्टलच्या काठात खुपसून रस शोषतो आणि दिवसा कवचाच्या खाचांत किंवा तळाशी, ज्यातून खडकाला धरणारा पाय बाहेर येतो त्या छिद्राजवळ लपतो. काचेवर फिरणाऱ्या गोलसर, छोट्या गोगलगाई निरुपद्रवी असतात. लांबट, टोकदार आणि क्लॅमच्या अंगावरच आढळणाऱ्या असतील तरच त्या पिरॅमिडेलिड समजाव्यात.

उपाय सोपा आहे, पण चिकाटी लागते. क्लॅम टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात घ्यावा आणि मऊ टूथब्रशने कवच, विशेषतः आडव्या पापुद्र्यांच्या खालचा भाग आणि तळ, मॅन्टलला ब्रश न लावता घासावा. कवचाला चिकटलेले पारदर्शक, जेलीसारखे ठिपके म्हणजे त्यांची अंडी, ती नखाने किंवा बोथट पात्याने खरवडावीत. एकदा साफ करून भागत नाही, कारण राहिलेल्या अंड्यांतून नवी पिल्ले निघतात. म्हणून दर आठवड्याला ही सफाई करावी आणि सलग काही आठवडे एकही गोगलगाय न सापडल्यावरच थांबावे. सिक्सलाइन रॅस मासा त्यांना टिपतो, पण अंडी आणि तळाशी दडलेल्या गोगलगाई त्याच्या तावडीत येत नाहीत.

क्लॅम उचलण्याविषयी एक इशारा द्यायलाच हवा. तो बिसस नावाच्या चिवट तंतूंनी खडकाला धरून बसतो आणि ओढून काढल्यास तंतूंच्या मुळाशी असलेला पाय फाटतो. खडक उचलता येत असेल तर खडकासकट काढावा, नाहीतर धारदार पात्याने तंतू खडकालगत कापावेत. मी आता प्रत्येक क्लॅम सुरुवातीपासून हाताएवढ्या सपाट दगडावर बसवतो आणि तो दगड वाळूत अर्धा पुरतो, त्यामुळे पुढे कधीही दगडासकट बाहेर काढता येते. पुन्हा पाण्यात ठेवताना क्लॅम थोडा तिरपा करून आत अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघू द्यावी. जागा बदलल्यावर तपकिरी तंतूंचा पुंजका गळून पडलेला दिसला तर घाबरू नये, क्लॅम कधीकधी जुना बिसस स्वतःच टाकतो. तळाच्या छिद्रातून मांसाचा लोंबता तुकडा दिसत असेल तर मात्र पायाला इजा झाली आहे. अशा वेळी शांत प्रवाह आणि कोणी खालून पोहोचणार नाही अशी स्वच्छ जागा देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

मॅन्टलचा काठ चिमटीत धरून आत ओढल्यासारखा जागोजागी दुमडलेला दिसत असेल, पाणी निर्दोष असेल आणि रात्रीही काही सापडले नसेल, तर शौकीन ज्याला पिंच्ड मॅन्टल म्हणतात तो विकार असण्याची शक्यता उरते. त्यामागे सूक्ष्म परजीवी असल्याचे मानले जाते आणि त्यावर गोड्या पाण्याची बुडी हा शौकिनांमध्ये रूढ उपाय आहे. आर. ओ. पाण्याचे तापमान टाकीइतके करून घ्यावे, खाण्याच्या सोड्याने पीएच टाकीशी जुळवावा, आधी कवच घासून घ्यावे आणि मग क्लॅम २० ते ३० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावा. तो लगेच घट्ट मिटतो, म्हणून भांड्यात हलकेच फिरवून गोडे पाणी आत पोहोचेल असे पाहावे. टाकीत इतर क्लॅम असतील तर त्यांनाही त्याच दिवशी ही बुडी द्यावी. आधीच छिद्र ताणून दमलेल्या क्लॅमला बुडी देणे मला जुगार वाटतो, तो धक्का सोसण्याची ताकद त्याच्यात बहुधा नसते. आणि केवळ करून पाहू म्हणून कोणत्याही क्लॅमला ही बुडी देऊ नये.

यानंतरची शुश्रूषा म्हणजे मुख्यतः हात आवरणे. कारण सापडून दूर झाले असेल तर क्लॅमला त्याच जागी किमान दोन आठवडे राहू द्यावे, कारण प्रत्येक स्थलांतरात त्याला नव्याने तंतू विणावे लागतात. रंग उडालेल्या क्लॅमला जास्त प्रकाश देऊन शैवाल लवकर परतेल ही समजूत उलटी आहे. त्याला उलट थोडा मंद प्रकाश आणि पाण्यात मोजता येईल इतके नायट्रेट लागते, आणि तपकिरी छटा परत येऊ लागली की प्रकाश पुन्हा हळूहळू वाढवावा. दररोज ठराविक वेळी, ठराविक कोनातून एक छायाचित्र काढावे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला न जाणवणारा फरक दहा छायाचित्रे शेजारी ठेवली की स्पष्ट होतो.

मॅन्टल कवचाच्या काठापासून सुटू लागले, स्पर्श करूनही कवच मिटेना आणि पाण्याबाहेर धरल्यावर कुजका वास आला, तर क्लॅम गेला आहे. तो त्याच दिवशी बाहेर काढावा, कारण एवढे मांस सडले की अमोनिया झपाट्याने वाढतो. काढल्यानंतर अमोनिया तपासावा, पाणी बदलावे आणि पाणी गाळणारा नवा सक्रिय कार्बन घालावा. कवच मात्र लगेच टाकून देऊ नये. ते धुऊन उजेडात नीट पाहावे. तळाशी गोगलगाई किंवा त्यांची अंडी, कवच पोखरणाऱ्या स्पंजची बारीक भोके, काठावरची कित्येक महिने थांबलेली वाढ यांतले जे काही आढळेल, त्याची तपासणी टाकीतील उरलेल्या क्लॅमवर त्याच संध्याकाळी, दिवे मालवल्यावर करावी.