मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यात सायकल: वारा, ऊस, बंधारे आणि काटे

नकाशात नदीची निळी रेघ शोधायची आणि तिच्या बाजूचा रस्ता धरून निघायचं, हा बेत बेळगावकडे फारसा जमत नाही. आपल्या नद्यांना काठाने रस्ता क्वचितच आहे. काठावर ऊस, नाहीतर गाळ. रस्ता वरच्या माळावरून जातो आणि थोड्या थोड्या अंतरावर ओढा ओलांडायला खाली उतरून परत चढतो. बेळगाव साधारण ७५० मीटरवर आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची भरलेली पातळी ६३४ मीटरच्या आसपास. म्हणजे निव्वळ उतार जेमतेम ११५-१२० मीटरचा, आणि वाटेतल्या चढांची बेरीज त्याच्या कितीतरी पट. नदीच्या दिशेने निघालो म्हणून पाय न मारता पोचू, असं होत नाही.

उतारापेक्षा वाऱ्याचा हिशोब महत्त्वाचा. मलप्रभा आणि घटप्रभा दोन्ही पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, त्यामुळे जाताना पाठीवर आणि परतताना छातीवर. भरलेल्या पिशव्या लावलेल्या सायकलवर समोरचा वारा हा न संपणारा चढच असतो. नोव्हेंबर ते जानेवारी वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, म्हणजे गणित उलटं. म्हणून फेरी एकाच दिशेने मारा आणि उरलेली बाजू रेल्वेवर सोडा. पावसाळ्यात नदीबरोबर जाऊन गाडीने परत या. हिवाळ्यात गाडीने घटप्रभा किंवा धारवाड गाठून घराकडे पाय मारा. सगळ्यात सोयीचा काळ ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. वारा मंद असतो, धबधब्यांना पाणी असतं आणि साखर कारखान्यांचे बॉयलर अजून पेटायचे असतात. संध्याकाळच्या गडगडाटी सरी मात्र गृहीत धरा आणि चारच्या आत मुक्काम गाठा.

मलप्रभा: कणकुंबी ते सौंदत्ती

हा चार दिवसांचा मार्ग. तीन दिवसांतही होतो, पण मग तिसऱ्या दिवशी नुसता रस्ताच बघत बसायचं.

पहिल्या दिवशी बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने निघा. कुसमळीजवळ मलप्रभा पहिल्यांदा ओलांडावी लागते, पुढे जांबोटी, मग कणकुंबी. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. उगम कणकुंबीला माउली देवीच्या देवळापाशी आहे. गोव्याची वाहतूक याच रस्त्याने होत असल्याने पहाटे निघून दहाच्या आत कणकुंबी गाठलेली बरी. तिथून पुढे चोर्ला घाटात उतरू नका. तिकडचं पाणी म्हादईच्या खोऱ्यात, अरबी समुद्राकडे जातं, आणि तो उतार परत चढताना दिवस जातो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात हब्बनहट्टीचा मारुती नदीपात्रातच आहे. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं, तेव्हा दर्शन वरूनच घ्यावं. जेवून जांबोटीला परत फिरा आणि खानापूरला मुक्काम करा. आजूबाजूला भीमगड अभयारण्याचं जंगल आहे, गवे आणि अस्वलं आहेत. अंधार पडल्यावर या पट्ट्यात सायकल चालवू नका. पावसाळ्यात जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावून निघा.

दुसऱ्या दिवशी खानापूरजवळ असोग्याचं रामलिंगेश्वर बघून पारिश्वाडमार्गे एम. के. हुबळी. इथे जमीन बदलते. सकाळी चाकाला लागलेली तांबडी माती संध्याकाळपर्यंत काळी झालेली असते, आणि चहाच्या टपरीवर मराठी कमी होत कन्नड सुरू होतं. राष्ट्रीय महामार्गावर येणं टळत नसेल तर सर्व्हिस रोड धरा. मात्र तिथे उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतातच, डावी बाजू सोडू नका.

तिसरा दिवस कादरोळी, संगोळी करत बैलहोंगल. चौथा दिवस मुनवळ्ळीवरून नविलुतीर्थ आणि सौंदत्ती. यल्लम्माचा डोंगर सामान सौंदत्तीत ठेवून चढा. मंगळवार-शुक्रवार गर्दी असते, आणि मार्गशीर्ष व माघातल्या पौर्णिमेला तर तिकडे फिरकूच नका. कोल्हापूरपासूनच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, खोली मिळत नाही.

बैलहोंगलच्या पुढे सावली विरळ होत जाते. तिथपर्यंत दोन बाटल्या पुरतात, पुढे प्रत्येकी तीन लिटर पाणी ठेवा. मार्चनंतर हा भाग दुपारी टाळा.

घटप्रभा आणि मार्कंडेय

हा मार्ग दोन दिवसांत होतो. गडहिंग्लजहून हिरण्यकेशी नदीच्या बाजूने संकेश्वर, मग हुक्केरी, हिडकल धरण, घटप्रभा आणि गोकाक. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. झुलत्या पुलावर सायकल नेऊ नका, फळ्यांच्या फटीत बारीक टायर बसतो. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी जवळपास नसतंच. दुसऱ्या दिवशी मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा, आणि तिथून पाच्छापूर स्टेशन. गोकाकहून करदंट अर्धा किलो घ्या. डिंक, खारीक, सुकामेवा, गूळ: सायकलवर खायला विकतच्या एनर्जी बारपेक्षा चांगला. फक्त उन्हात पातळ होतो, म्हणून कपड्यांच्या पिशवीत मधोमध ठेवा.

बंधाऱ्यावरून जाताना

नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून हमखास एखाद्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून नेतं. बंधारा म्हणजे पूल नव्हे. खांबांच्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) बसवून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि पुराचं पाणी वरून जाऊ देतात. वरची वाट अरुंद, कठडा बहुतेक नसतोच. वाटेवरून पाणी वाहताना दिसलं तर ते घोट्याएवढं असलं तरी परत फिरा. भरलेल्या पिशव्यांवर पाण्याचा रेटा बसतो आणि सायकल कडेला सरकते. त्यापेक्षा फसवी वेळ पाणी ओसरल्यानंतरची. वरून कोरडी दिसणारी गाळाची साय खाली साबणासारखी असते. उतरा, सायकल आणि कड यांच्यामध्ये स्वतः येणार नाही अशा बाजूने ती ढकला, आणि पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका. निघण्याआधी अलीकडच्या गावात पाण्याची चौकशी करा. कन्नड पट्ट्यात "नीर ऐतेन री?" एवढं विचारलं आणि हात नदीकडे केला की उत्तर मिळतं.

उसाचा हंगाम

हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. ट्रॉलीपेक्षा ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. पुढचा ट्रॅक्टर लांबून गेला म्हणून सावरून रस्त्यात येऊ नका, दुसरी ट्रॉली जाईपर्यंत थांबा. चढावर तिच्या मागे चिकटून जाणं तर मूर्खपणाच, मोळी सुटते. रस्त्यावर पडलेल्या पाचटाखाली खड्डा दिसत नाही. अंधारात ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, त्यामुळे संकेश्वर-गोकाक पट्ट्यात सूर्यास्तानंतर चालवू नका.

सायकल

महागडी टूरिंग सायकल लागत नाही. साधी हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) चालते. पुढची लहान चक्री २८-३० दात्यांची आणि मागची मोठी ३२-३४ ची असावी. टायर ३५ ते ४० मिलिमीटर. ३८ च्या टायरला, ७० किलोचा माणूस आणि १० किलो सामान धरून, हवेचा दाब मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय. त्याहून कमी ठेवलं तर खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून दोन समांतर भोकं पडतात.

तालुक्याच्या दुकानात २६ इंची ट्यूब-टायर मिळतं. ७०० सी (हायब्रिडच्या चाकाचं माप) मागितलं तर दुकानदार साध्या सायकलचं "अठ्ठावीस" काढून देतो. ते टायर घेऊ नका. त्याची रिम ६३५ मिलिमीटरची, तुमची ६२२ ची. टायर चढेल, पण बसणार नाही आणि निसटेल. त्या मापाची ट्यूब मात्र अडचणीला चालते. बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब तिकडे मिळेल असं धरू नका; दोन ट्यूब आणि पितळी अडॅप्टर घरूनच न्या.

पंक्चर बहुतेक काट्यांची. कालव्याच्या पट्टीवर वेडी बाभूळ, काठावर सराटे. बाभळीचा काटा टायरच्या पोटात मोडतो. बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तिथेच परत हवा जाते. म्हणून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती बोटं आहे ते मोजा आणि खुणेपासून दोन्ही दिशांना तेवढ्याच अंतरावर टायर आतून उलटून बघा. डोळ्यांपेक्षा जुन्या सुती कापडावर विश्वास ठेवा. कापड आतून फिरवलं की जिथे धागा अडकतो तिथे काटा. तो आतून ढकलून बाहेरून चिमट्याने ओढा. मग ट्यूब घासून सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. ओल्या थरावर ठिगळ लावलं तर ते हवा भरताच सरकतं. सोल्यूशनची फोडलेली नळी उन्हात वाळते, न फोडलेली एक जवळ ठेवा. काटा दिसतोय पण हवा जात नाही, अशा वेळी तो रस्त्यात उपटू नका. पुढच्या सावलीपर्यंत तोच बूच आहे.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातल्या कच्च्या वाटेवर शिरू नका. शंभर पावलांत मडगार्ड भरून चाक थांबतं. आधीच शिरला असाल तर ओढत बसू नका, मडगार्ड सोडून पिशवीत टाका, काडीने ब्रेकजवळचा चिखल काढा आणि सायकल उचलून डांबरापर्यंत न्या.

परतीची गाडी

सौंदत्तीला रेल्वे नाही. धारवाड साधारण ४० किलोमीटर, तिथून गाडी लोंढ्यावरून बेळगावला येते. घटप्रभा, गोकाक रोड आणि पाच्छापूर ही स्टेशनं मिरज-बेळगाव मार्गावर आहेत. सायकल ब्रेक व्हॅनमधून (गाडीच्या सामानाच्या डब्यातून) न्यायची तर पार्सल ऑफिस असलेल्या मोठ्या स्टेशनवर किमान तासभर आधी पोचा. तिकीट, ओळखपत्र आणि सायकलला बांधलेली नाव-ठिकाणाची चिठ्ठी तयार ठेवा. पेडल १५ च्या पान्याने काढा आणि लक्षात ठेवा: डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. लहान स्टेशनवर गाडी एखाद-दोन मिनिटंच थांबते, तिथे व्हॅन उघडून मिळणं कठीण. अशा ठिकाणाहून निघायचं असेल तर दोन्ही चाकं काढून सायकल चादरीत बांधा आणि ती सामान म्हणून घेता येईल का, ते चढण्याआधी गार्डला विचारून घ्या.