केनियाला सेवेला निघताय, तर बॅग भरायच्या आधी हे वाचा

आमच्या मिरजेच्या चर्चच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं पुढच्या महिन्यात केनियाला सेवेला निघालंय, रोज फोन करून एकेक विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं, आम्ही दोघं चार वर्षं राहून आलोय तिकडं. आधी कागद. ई-टीएवर, म्हणजे ऑनलाइन काढायच्या प्रवास परवानगीवर, जा आणि बघू पुढचं पुढं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मिशनरींसाठी वेगळं परमिट असतं आणि त्याला वेळ लागतो. यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघायच्या निदान 10 दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा कारण खरी पंचाईत परत येताना होते, कार्ड नसेल तर आपल्याकडचेच लोक क्वारंटाइनला बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, मनानं नको.

स्वेटर घ्या! आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून मी नुसत्या कॉटनच्या साड्या नेल्या आणि जुलैत नैरोबीत कुडकुडत बसले, ते शहर महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. कांदा-लसूण मसाला स्टीलच्या डब्यात न्या, तिथं 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानंच खायचा, आठवड्यात सवय होते, आणि चपातीला तिकडंही चपातीच म्हणतात. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. पैसे सगळे मोबाईलवर, एम-पेसा, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासूनचं.

आता घड्याळ, हे नीट वाचा. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. पहिल्याच रविवारी मला सांगितलं उपासना 'सा ताटू', ताटू म्हणजे तीन एवढं पाठ होतं, मी आपली दुपारी तीनला बायबल घेऊन हजर, तर चर्चला कुलूप, एक म्हातारी आवार झाडत होती, ती हसून हसून खाली बसली. उपासना सकाळी नऊला होऊन गेलेली. तेव्हा वेळ ऐकली की सहा मिळवा, आणि तरीही परत विचारा.

आणि घरी फोन जेवायच्या आधी करा, तिकडं साडेसात म्हणजे मिरजेत रात्रीचे दहा, उशीर केला की आई दचकून उठते, काय झालं गं म्हणून.