हट्टी सुगंधांशी जमवून घेताना: मोगरा, लवंग, व्हॅनिला आणि घरचा साबण

‘ताई, मोगरा टाकला आणि साबण पातेल्यातच बसला. आता काय करू?’ दिवाळी जवळ आली की असे फोन हमखास येतात. विचारपूस केली की कळतं, तेलं बरोबर मोजलेली असतात, तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडाही बरोबर असतो. फक्त तीन रंगांची नक्षी आधी ठरलेली असते आणि सुगंधाचा विचार सगळ्यात शेवटी झालेला असतो. माझं सांगणं उलटं आहे. आधी सुगंधाचा स्वभाव बघा, मग त्याला झेपेल असा साबण ठरवा.

नव्या सुगंधासाठी मी नेहमी एकच संथ रेसिपी वापरते: ऑलिव्ह पोमेस 450 ग्रॅम, खोबरेल 300, राइस ब्रान 200, एरंडेल 50. या 1 किलो तेलांना 5 टक्के सुपरफॅट धरून, म्हणजे तेवढं तेल साबण न बनता मोकळं ठेवून, 141 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तुमची तेलं वेगळी असतील तर लाय (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक) कॅल्क्युलेटरवर पुन्हा हिशेब करा, अंदाजाने नको. एरवी मी पाणी 282 ग्रॅम घेते, पण हट्टी सुगंध असेल तर 363 ग्रॅमपर्यंत जाते. पाणी जास्त असलं की मिश्रण सावकाश घट्ट होतं आणि हाताला वेळ मिळतो. साबण साच्यातून काढायला एखाददुसरा दिवस जास्त लागतो, तेवढं चालतं. कोकम बटर अशा वेळी बाजूला ठेवा. ते वितळलेलं राहावं म्हणून मिश्रण गरम ठेवावं लागतं, आणि गरम मिश्रण म्हणजे सुगंधाला आयतंच निमित्त.

चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या हवेतच. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टील घ्या.

आता कपाची चाचणी. हिला मी सगळ्यात जास्त मानते. बिनवासाची बॅच करत असाल तेव्हा तेल आणि लाय एकजीव झाल्याबरोबर 100 ग्रॅम मिश्रण प्लास्टिकच्या कपात काढा. त्यात साधारण 70 ग्रॅमच तेल असतं, म्हणून सुगंध 2 ग्रॅम पुरे; तेलाच्या 3 टक्क्यांचा हिशेब तिथेच बसतो. सुगंध मिलिलिटरमध्ये नाही, वजनावर मोजा, आणि 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. चमच्याने ढवळायला लागा आणि घड्याळाकडे बघा. मिनिटाभरात चमचा अडकला तर तो सुगंध फक्त एका रंगाच्या, सरळ ओतायच्या साबणाचा. पाच मिनिटं सैल राहिला तर दोन रंगांची साधी लाट जमेल. दहा मिनिटांनंतरही वाहत असेल तर हवी ती नक्षी करा. कप फेकू नका. नाव आणि तारीख घालून दोन-तीन आठवडे उघड्यावर ठेवा, कारण रंगाचा स्वभाव नंतर कळतो.

लवंग आणि दालचिनीच्या पानाचं तेल मिश्रण झटक्यात घट्ट करतं, कारण दोन्हींत युजेनॉल भरपूर असतं. युजेनॉल हे फिनॉल आहे. ते कॉस्टिकशी लगेच जुळतं आणि साबण बनण्याची सगळी क्रियाच धावायला लागते. फुलांच्या सुगंधांपैकी मोगरा, निशिगंध, चाफा यांतले बरेच असेच पळतात, पण एका दुकानाचा मोगरा शांत तर दुसऱ्याचा अंगावर येणारा, असंही होतं. नावावरून ठरवू नका.

पळणारा सुगंध हाताळायचा तर भांडी, रंग, साचे सगळं आधी मांडून ठेवा. तेल आणि लाय दोन्ही 30 ते 35 अंशांवर येऊ द्या. मोजलेल्या तेलातलं 50 ग्रॅम आधीच बाजूला काढून सुगंध त्यात मिसळून ठेवा, म्हणजे तो एकाच जागी लायवर आदळत नाही. हँड ब्लेंडर दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. वर तेलाच्या रेघा दिसेनाशा झाल्या की बंद. चमच्याची ओळ उठेपर्यंत थांबायचं नाही, मिश्रण अजून पातळच हवं. मग सुगंधाचं तेल ओतून हाताच्या व्हिस्कने ढवळा आणि सरळ साच्यात. साचा ओट्यावर दोन-चार वेळा जोरात आपटा, हवेचे बुडबुडे वर येतात.

आमच्या नागपुरात मे महिन्यात तेल 35 अंशांच्या खाली आणणं हीच एक कसरत. मी पाण्याचा अर्धा भाग बर्फ म्हणून वापरते, वजन करूनच, आणि लायमध्ये कॉस्टिकचा एकही कण न विरघळता उरला नाही ना ते बघते. शिवाय लवंगेसारखा साबण साच्यात गेल्यावरही तापत राहतो. मोठ्या लोफमध्ये, म्हणजे पावासारख्या लांब साच्यात, मधोमध उष्णता कोंडते, वर भेग पडते, कधी मिश्रण उतू येतं. म्हणून उन्हाळ्यात मसाल्याचे सुगंध मी वेगवेगळ्या छोट्या सिलिकॉन साच्यांत ओतते, वर टॉवेल टाकत नाही आणि कूलरच्या झोतात ठेवते. मध किंवा दूधही या बॅचमध्ये नको, साखर ताप वाढवते.

इतकं करूनही बिघडलं तर? मिश्रणात बारीक पांढरे दाणे दिसले तर घाबरू नका, ब्लेंडर थोडा वेळ फिरवा, बहुतेक वेळा एकजीव होतं. तोपर्यंत घट्ट मात्र होणार. वर तेल सुटलेलं दिसलं तरी हाच उपाय. पण साबण पातेल्यातच गोळा होऊन बसला तर त्याला जबरदस्तीने साच्यात कोंबू नका. आत तेलाचे आणि लायचे खिसे राहतात. पातेलं मोठ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवा, झाकण घाला, मंद आचेवर अधूनमधून ढवळत शिजवा. तासाभरात सगळं व्हॅसलिनसारखं अर्धपारदर्शक होतं. मग साच्यात दाबून भरा. दिसायला खडबडीत, पण साबण उत्तम.

रंगाचं वेगळं. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन ज्यात आहे तो साबण तपकिरी होणारच: व्हॅनिला, चॉकलेट, कॉफी, कित्येक ‘चंदन’ सुगंधही. आधी हवा लागते तो पृष्ठभाग गडद होतो, मग आठवड्यांत आतपर्यंत उतरतो. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड टाकून फार तर फिकट बदामी मिळेल, पांढरा नाही. मला हा तपकिरी रंग आवडतो. कॉफीच्या साबणाला आणखी कोणता रंग शोभतो? पांढरा थर हवाच असेल तर तेवढा भाग बिनवासाचा ठेवा, मात्र महिनाभरात सीमारेषेवरून तपकिरी थोडा पसरतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल हा फुलांच्या वासातला घटक असला तर पांढरा साबण पिवळट-तपकिरी होतो. त्यासाठी मी पिवळी माती घालते आणि विषय संपवते.

नागपूरच्या माणसाला संत्र्याचा साबण हवाच असतो. सालीचं साधं तेल क्युअरिंगमध्येच, म्हणजे साबण आठवडेभर सुकत मुरत असतानाच, उडून जातं, कारण ते बहुतेक सगळं लिमोनीन, पटकन उडणारा घटक. त्यात चौथा भाग गवती चहाचं तेल मिसळा, किंवा दहापट सांद्र केलेलं संत्रा तेल घ्या. वास बराच टिकतो. बाटलीवरचा फ्लॅश पॉइंट बघून मात्र काही ठरवू नका. ते पेट घेण्याचं तापमान आहे, साबणात टिकण्याचं नव्हे.

खरेदी करताना त्या सुगंधाचं इफ्राचं (सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र मागा आणि त्यात नववा वर्ग बघा. धुऊन टाकायच्या साबणासाठी कमाल किती टक्के, ते तिथे लिहिलेलं असतं. मर्यादा 1 टक्का असेल तर 3 टक्क्यांचा मोह नको. लवंगेचं तेल मी तेलांच्या अर्ध्या टक्क्यावर नेतच नाही, ते त्वचेला झोंबतं. अगरबत्तीचा सुगंध स्वस्त मिळतो म्हणून अंगाच्या साबणात घालू नका. तो जाळण्यासाठी बनवलेला असतो, अंगाला लावण्यासाठी नाही.

नवी बाटली आली, मग ती त्याच दुकानातली आणि त्याच नावाची असली तरी, कप पुन्हा एकदा लावा. बनवणारे न सांगता मिश्रण बदलतात.