न्यूरो ओपीडीत रिमोट हातात आला तेव्हा

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, चार वर्षं पेग बोर्ड (खुंट्या भोकांत बसवायची फळी) आणि शोल्डर व्हीलवर (खांद्यासाठी हाताने फिरवायचं चाक) गेली. इंटर्नशिपला न्यूरो ओपीडीत पोस्टिंग लागलं, तर कोपऱ्यात टीव्ही आणि जुना निन्टेंडो वी, म्हणजे हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. "आजपासून हा तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. मला कँडी क्रशपलीकडे काही येत नव्हतं.

पहिले पेशंट एसटीतून निवृत्त झालेले काका, डाव्या बाजूचा पॅरालिसिस. शोल्डर व्हीलच्या पंधरा फेऱ्या झाल्या की "बास गं पोरी". रिमोट बघून आधी चिडलेच, "मी काय लहान पोर आहे?" पण टेनिसचा एक गेम हरले आणि म्हणाले, "परत लाव." हालचाल पुन्हा शिकायला मेंदूला तीच गोष्ट शेकडो वेळा करावी लागते. फेऱ्या मोजणारा माणूस दमतो, पॉइंट मोजणारा फेऱ्या विसरतो. खेळाचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

तुमचंही पोस्टिंग असं लागलं, तर सुरुवात टेनिसनेच करा. त्यात बटण लागत नाही. बोलिंगला ते दाबून धरून वेळेवर सोडावं लागतं, कमजोर बोटांना जमत नाही. पकड नसेल तर रिमोट क्रेप बँडेजने हाताला बांधा. वीच्या बॅलन्स बोर्डवर (तोल ओळखणारी पाटी) उभं करताना मात्र समोर वॉकर हवा आणि मागे तुम्ही.

माझी चूक सांगते. मी स्कोअर बघून खूश होते. काका जिंकत होते, खांदा मात्र आठवडाभर तिथेच. मॅडमनी मला टीव्हीकडे पाठ करून उभं केलं. तेव्हा दिसलं, काका नुसता मनगटाचा झटका मारत होते! रिमोटला झटका कळतो, खांदा किती उचलला ते कळत नाही. अशी ट्रिक मूव्हमेंट, म्हणजे कमजोर भाग टाळून दुसऱ्याच भागाने केलेली हालचाल, तुमच्याच डोळ्यांनी पकडायची.

जर्नल क्लबला, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीला, २०१६ ची 'एव्हरेस्ट' चाचणी घ्या, लॅन्सेट न्यूरॉलॉजीतली. चार देशांतले १४१ पेशंट, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना वी, बाकीच्यांना पत्ते, जेंगा असले साधे खेळ. हाताच्या सुधारणेत वी सरस ठरला नाही. वाचून आधी मी हिरमुसले. मग गावी परतणाऱ्या पेशंटची आठवण झाली: घरी वी कुठला, पत्ते मात्र मिळतात.

काकांच्या डिस्चार्जच्या दिवशी होम प्रोग्रॅममध्ये लिहिलं: पत्त्यांचा कॅट, रोज दोन वेळा, पिसणं जमेल तसं, वाटायचे मात्र डाव्याच हाताने.

काकू कागद वाचून म्हणाल्या, "म्हणजे आता दुपारची झोप गेली माझी."