कादंबरीवरचं नाटक बघायला जाताना

तिकीट, जागा, वेळेत पोचणं यावर काही लिहीत नाही. दादरला उतरा, शिवाजी मंदिर नाट्यगृहात चालत जा, तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत बसा, मोबाईल बंद.

जाहिरातीत नाट्यरूपांतर कोणाचं आहे ते मात्र बघा. जयवंत दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीचं ‘बॅरिस्टर’ हे नाटक झालं ते त्यांनी स्वतःच केलं, त्यांच्याच ‘महानंदा’चं ‘गुंतता हृदय हे’ केलं शं. ना. नवरे यांनी. म्हणजे नावही बदलतं आणि लिहिणारा हातही.

आता खरी अडचण, कादंबरी वाचायची कधी. आदल्या दिवशी एकदा चाळून घे असं जो तो सांगतो, अजिबात ऐकू नका. मी एकदा शेवटची ७०-८० पानं बोरिवली ते दादर लोकलमध्ये वाचत गेलो आणि अख्खा पहिला अंक हजेरी घेत बसलो, तो प्रसंग कापला, मावशी कुठे गेली, हे वाक्य असं नव्हतंच. समोर काय चाललंय ते दिसलंच नाही. अरे ४०० पानं अडीच तासांत कशी बसतील, कापणारच, दोन पात्रांचं एक करणारच. बघायचं ते हे की पुस्तकात जे मनातल्या मनात चालतं ते इथे कशात ठेवलंय. त्याच प्रयोगात मध्यंतरानंतर, पुस्तकात त्या बाईची घालमेल तीन पानं चालते, आणि इथे ती पाठमोरी उभी राहून लुगड्याची घडी घालत होती, घातली, मोडली, परत घातली, खिडकीतला उजेड उतरत गेला, एक शब्द नाही. माझ्या घशात आवंढा आला. पुढच्या आठवड्यात परत तिकीट काढलं, फक्त पहिल्या अंकासाठी.

म्हणून महिनाभर आधी वाचून संपवा आणि पुस्तक कपाटात ठेवा. वाचून झालं नसेल तर अर्धवट वाचून जाऊ नका, न वाचताच जा. पहिल्या अंकात तुलना सुरू झालीच तर नटांच्या हातांकडे बघा, कोण कुठे बसतंय, दिवा कुठे पडतोय ते बघा, मन परत येतं. आणि सगळं निवेदकच सांगत सुटला असेल तर माझ्या मते ते रूपांतर झालेलंच नाही, ते वाचन आहे.

मध्यंतरात वडा खा, पण पुढे काय होतं ते बोलू नका, शेजारच्याने वाचलेली नसते.

घरी आल्यावर पुस्तक काढा, पण एकच प्रसंग वाचा, नाटकात जो सगळ्यात जास्त लागला तो. बाकीचं दोन दिवसांनी.